खिळ्याचा बॅनर

मी एक बॅनर बोलतोय. कापडी, निळा, कडांना जरा विरलेला. हल्लीच्या चकचकीत प्लास्टिकच्या बॅनरांशी माझं नातं लावू नका. ते छापून येतात आणि पंधरवड्यात फाटतात. मला शिवलंय. माझ्या अंगावरचं अक्षर न् अक्षर कापून, दुमडून, टाके घालून बसवलंय.

मूळचा मी पडदा. म्हणजे तीन पडदे. शिंपीणमावशीच्या दुकानाला लागून त्यांची राहती खोली आहे, तिथल्या खिडकीला लटकून मी रस्त्याची धूळ खात होतो. मावशींचे यजमान वायरमन. आठवडाभर लोकांच्या घरचे फ्यूज बदलायचे आणि शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर जाऊन स्वतःचा उडवून घ्यायचे. क्लब छोटा, पण वायरमनना विचाराल तर जगात दुसरा क्लब नाहीच.

एका मोसमात तिथे एक नवा डिफेंडर आला. उंच, हडकुळा, पळण्यात बेताचाच. पण एकदा जागेवर उभा राहिला की समोरच्यानं डोकं आपटलं तरी हलायचा नाही. पहिल्याच सामन्यात वायरमन स्टँडच्या कठड्यावर चढून ओरडले, "अरे, हा डिफेंडर नाही, खिळा आहे खिळा! ठोकला की ठोकला!"

झालं. त्या दिवसापासून त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त क्लबच्या कागदावर उरलं.

त्याच आठवड्यात मावशींनी मला खिडकीवरून उतरवलं. "पडदे काय, दुसरे शिवता येतील," म्हणाल्या आणि मशीनवर बसल्या. चंदेरी कापडाचा भलामोठा खिळा माझ्या मधोमध बसवला, डोकं वर, टोक खाली. दोन्ही बाजूंना पांढरी अक्षरं: 'खिळा हलत नाही'. पाठीला एकसंध निळं अस्तर आणि वरच्या काठाला बांधायच्या नाड्या. मला तेव्हा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! खिडकीत असताना माझ्याकडे कोण बघत होतं?

आमच्या स्टँडची एक रीत आहे. सामना जिंका नाहीतर हरा, शेवटची शिट्टी झाली की खेळाडूंनी स्टँडपाशी यायचं, बॅनरला हात लावायचा आणि मगच आत जायचं. कठडा जमिनीपासून चांगला उंच. मी त्यावरून खाली सोडलेला असायचो. खेळाडू खालून मला शिवायचे आणि वरून लोक कठड्याबाहेर हात लांब करायचे. खिळ्याचा हात कायम चिखलानं माखलेला. माझ्या खालच्या काठावर त्याच्या तळव्याचा एक डाग पडला, तो मावशींनी किती धुतला तरी गेला नाही. नंतर त्यांनीही नाद सोडला.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. मला टांगणारी माणसं माझ्या मागे उभी असतात. माझं तोंड मैदानाकडे. त्यांना दिसतं ते नुसतं निळं अस्तर. आपण टांगलेला बॅनर समोरून कसा दिसतो, हे आमच्या स्टँडमध्ये कुणीच कधी बघितलं नव्हतं.

बारा वर्षं सुखाची गेली. मग एका वादळी दुपारी माझा वरचा काठ नाड्यांसकट फाटला. पुढच्या शनिवारी उपांत्य सामना, क्लबच्या इतिहासातला पहिला. इकडे मावशींच्या दुकानात शाळेच्या गणवेशांचा डोंगर. त्यांनी घाईघाईत फाटका काठ दुमडून शिवला, मला अस्तराच्या बाजूनं मशीनवर फिरवलं आणि नव्या नाड्या लावल्या.

खालच्या काठाला लावल्या!

अस्तराकडून दोन्ही काठ सारखेच दिसतात हो. मी ओरडलो असतो, पण कापडाला तोंड कुठलं?

शनिवारी मला बांधून खाली सोडलं. मी डोक्यावर उभा. खिळ्याचं टोक आभाळाकडे, अक्षरं उलटी. मावशींना आपल्या घाईच्या शिलाईची धाकधूक होती. त्यांनी यजमानांना विचारलं, "अहो, नीट लागलाय ना? जरा बघा की."

वायरमन कठड्यावरून ओणवे झाले आणि वरून खाली त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता ओणव्या माणसाला उलटं काय दिसणार? सुलटं! "अगदी सरळ आहे," ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर वाचता येतंय."

समोरच्या स्टँडमधून पाहुण्या संघाचे लोक ओरडायला लागले, "उपटला! खिळा उपटला!" आमच्या लोकांना वाटलं, चिडवताहेत. पाऊस इतका होता की फोटोवाल्यानं पिशवीतून कॅमेरा काढला नाही. खिळ्यानं मात्र बघितलं. मैदानात येता येता तो थबकला. त्या दिवशी त्याचे पाय जागेवर नव्हते. शेवटच्या मिनिटाला तो घसरला, चेंडू निसटला आणि गोल झाला. आम्ही हरलो.

शिट्टी झाल्यावर बाकीचे खेळाडू आले. खिळा आला नाही. मान खाली घालून सरळ आत निघून गेला. वायरमननी नेहमीसारखा हात कठड्याबाहेर लांब केलेला होता. सगळ्या स्टँडदेखत तो तसाच राहिला.

"चूक केली ती केली, वर नाक!" ते घरी येऊन म्हणाले. त्यांनी मला गुंडाळून कपाटावर फेकलं. त्यानंतर दोन वर्षं खिळा स्टँडपाशी आला नाही आणि स्टँडनं मला बाहेर काढलं नाही. त्यांना वाटे, यानं आपला अपमान केला. त्याला वाटे, यांनी आपला केला. आणि खरं काय ते ठाऊक असलेला एकटा मी, कपाटावर, रिकाम्या खोक्यांच्या शेजारी.

मग कळलं, खिळा निवृत्त होतोय. त्याचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर, आणि तो सामना आम्ही हरलो तर क्लब खालच्या वर्गात जाणार.

शेजारचा बेकरीवाला दुकानात आला. तो खिळ्याचा जुना भक्त. "काका, उद्या तरी बॅनर काढा," तो म्हणाला. "चौदा वर्षं एकाच क्लबात राहिला बिचारा. दुसरा असता तर कधीच उडाला असता."

"राहिला, कारण कुणी नेला नाही!" वायरमन कडाडले. "आणि दोन वर्षांपूर्वीच बूट उतरवायला हवे होते त्यानं. आता मागे पळतो तेव्हा मी चपला घालून त्याला गाठीन. याच्यापायी जागा मिळेना म्हणून एक चांगलं पोरगं दुसऱ्या क्लबात गेलं."

"ते खरंय," बेकरीवाला म्हणाला. "पण तो गेल्यावर मी कुणाला शिव्या घालू, सांगा?"

मावशी काज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझे पडदे होते ते. मी काढणार."

वायरमननी एकदा कपाटाकडे बघितलं. मग म्हणाले, "ने. पण गुंडाळूनच बांधायचा. दोरी माझ्या हातात. त्याचा खेळ बघीन आणि मनात आलं तरच सोडीन."

मी मनात म्हटलं, नाड्या अजून खालच्याच काठाला आहेत.

दुसऱ्या दिवशी मला त्याच नाड्यांनी कठड्याला बांधलं. वळकटी केलेली, वर एक दोरी आवळलेली. दोरीचं टोक वायरमनच्या मुठीत. ओढलं की मी सुटणार, आणि सुटलो की पुन्हा डोक्यावर. त्याच्या शेवटच्या दिवशी, साऱ्या गावासमोर! माणसं रुसवे जावेत म्हणून देवाला नवस करतात. मी एकटाच असा, की देवा, या माणसाचा राग जाऊ देऊ नकोस म्हणत होतो.

खेळ सुरू झाला. बरोबरीही आम्हाला पुरणार होती. खिळ्याच्या दंडावर कॅप्टनची पट्टी होती आणि गुडघ्याला भलं जाड बँडेज. त्याच्याकडे चेंडू गेला की स्टँड गप्प व्हायचा. शिव्या नाहीत, टाळ्या नाहीत. एकदा पाहुण्यांचा एक चपळ पोरगा त्याला झुकांडी देऊन पुढे सटकला तेव्हा वायरमन दात खात म्हणाले, "बघ, बघ, गेला! अरे, घरी बस आता!" मी म्हटलं, वा, राग शाबूत आहे.

पण दुसऱ्या अर्ध्या खेळात काहीतरी बदललं. आमचे सगळे मागे दबले गेले. चेंडू पुन्हा पुन्हा आमच्या गोलासमोर येत होता आणि दर वेळी खिळा कुठून तरी मध्ये यायचा. कधी डोकं, कधी छाती, कधी तो बँडेजवाला गुडघा. दोरीचं टोक वायरमनच्या मुठीत घामानं भिजलं. मला वाटत होतं, चेंडू अडवला जावा. आणि अडवला गेला की वाटायचं, आता हे दोरी ओढणार.

अगदी शेवटी पाहुण्यांच्या एकानं जवळून फटका मारला. गोलकीपर आधीच आडवा पडलेला. खिळा गोलाच्या रेषेवर उभा होता. तो हलला नाही. चेंडू त्याच्या तोंडावर आदळून बाहेर गेला आणि तोही खाली कोसळला.

शिट्टी झाली. आम्ही वाचलो.

"माझा खिळा!" वायरमन ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आणि त्यांनी दोरी ओढली.

मी सुटलो. उलटा.

समोरून लगेच जुना ओरडा आला, "उपटला! उपटला!" वायरमन ओणवून बघताहेत आणि खुशीत सांगताहेत, "सरळ लागलाय, सरळ!" खिळा नुकता उठून उभा राहिला होता. नाकातून रक्त येत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. तो वळला आणि दाराकडे चालायला लागला. वायरमनचा हात कठड्याबाहेर होता. मला वाटलं, संपलं. आता हा गेला की जन्मभरासाठी गेला.

दारापाशी तो थांबला. काय मनात आलं कोण जाणे, तरातरा परत आला आणि थेट कठड्याखाली उभा राहिला.

"काका, आजसुद्धा?" त्यानं नाकाचं रक्त बाहीनं पुसलं. "माझा खेळ नाही आवडला, शिव्या द्या. पण आजच्या दिवशीही उलटाच टांगलात?"

"उलटा?" वायरमन भडकले. "कोण म्हणतं उलटा? मी स्वतः वाकून बघितलंय!"

"वरून नका बघू. खाली या आणि इथून बघा."

वायरमन पुन्हा ओणवले. या वेळी त्यांची नजर अक्षरांवर नव्हती. त्यांच्या हाताशेजारी, अगदी कठड्याला लागून, चिखलाच्या तळव्याचा तो जुना डाग होता. "अगं," ते हळूच म्हणाले, "हा डाग तर खाली असायचा ना?"

मावशी तोवर पायऱ्या उतरल्या होत्या. फाटकावरच्या माणसानं त्यांना अडवलं नाही. खिळ्याशेजारी जाऊन त्यांनी वर बघितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या आपली शिलाई समोरून बघत होत्या.

"अगं बाई!" त्यांनी तोंडावर हात ठेवला. "नाड्या खालच्या काठाला लावल्यात मी."

"कधी?" खिळ्यानं विचारलं.

"त्या उपांत्य सामन्याच्या आधी. गणवेशांची घाई होती रे. म्हणजे तेव्हाही..."

"तेव्हाही," तो म्हणाला. "मला वाटलं, खेळायच्या आधीच तुम्ही मला काढून टाकलंत."

वरून वायरमनचा आवाज आला. तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. "आणि आम्हाला वाटलं, तू आम्हाला टाकलंस."

खिळ्यानं एक हात माझ्यावर ठेवला आणि टाचा उंचावून दुसऱ्या हातानं वायरमनचा हात धरला. दोन वर्षं वाया गेली होती, ती आता कुणाला परत मिळणार नव्हती. वायरमननी नाक ओढलं आणि शेवटी राहवलं नाही म्हणून म्हणाले, "पण तो गोल तुझ्यामुळेच झाला होता हं."

"हो काका," तो म्हणाला. "तो माझ्यामुळेच."

आता मी दुकानातल्या टेबलावर पडून आहे. निवृत्त झालेल्याच्या नावाचा बॅनर आम्ही पुन्हा लावत नाही. कापड मात्र पुढच्याच्या कामी येतं. उद्या मावशी माझ्यावरचा खिळा उसवतील. आजच उसवणार होत्या, पण वायरमन कात्री घेऊन बसलेत आणि देत नाहीत.

"नवा डिफेंडर चपळ आहे म्हणे," मावशी म्हणाल्या.

"चपळाला काय करायचंय? खिळ्याची सर नाही त्याला."

"दोन वर्षं तुम्हीच त्याला जा जा म्हणत होतात ना?"

"म्हणत होतो," वायरमन म्हणाले. "त्यानं जायला कशाला पाहिजे होतं?"

माझ्यावर नवं नाव येईल, नाड्या योग्य काठाला लागतील आणि चिखलाचा डाग तेवढा राहील. जाता जाता एकच मागणं आहे. कुणासाठी काही टांगलंत, तर एकदा खाली उतरा आणि तो उभा असतो तिथे उभं राहून बघा. वरून वाकून बघितलेल्यावर जाऊ नका. वरून मी दोन्ही वेळा अगदी सरळ दिसत होतो.