सेलवर घेतलेलं भजन

आईच्या आवाजाची एकच कॅसेट घरात होती आणि तिच्याबद्दल पप्पांचं एकच म्हणणं होतं, "ही मरिया न्हाई."

पप्पांनी, म्हणजे यशयाबाबांनी, हे पहिल्यांदा म्हटलं त्याला आता पंधरा वर्षं झाली. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कॅसेट तोवर पेटाऱ्यातच होती, कारण आईने ती जिवंतपणी कुणाला लावू दिली नाही. स्वतःचा आवाज ऐकायची तिला लाज वाटायची. धाकट्या जोएलने ती शेवगावातल्या एका दुकानातून एमपीथ्री करून आणली. पप्पांनी भजन शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि ते शेतात निघून गेले.

थोरली मुलगी प्रार्थना तेव्हा एम.एस्सी.ला होती. आता ती नगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी पप्पांच्या कानांचा आलेख तिच्यापुढे ठेवला. डावा कान गेला होता, उजव्याची रेघ उतरत चालली होती. मशीन लावा, पण फार तर वर्षभर उपयोग होईल, असं डॉक्टर म्हणाले. गावी परतताना एसटीत पप्पा म्हणाले, "एकदा तिला ऐकायचं हुतं. न्हाई झालं तर ऱ्हाईलं."

तेव्हापासून प्रार्थना या कामाला लागली. जोएलच्या फाइलमध्ये वरचे सूर कापलेले होते. मोबाईलवर फिरून आलेली प्रत तर पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखी होती. तिने चांगला टेपरेकॉर्डर मिळवला, त्याचं हेड स्पिरिटने पुसलं आणि कॅसेट नव्याने, काहीही न कापता, संगणकावर घेतली. ही फाइल जोएलच्या फाइलच्या वीसपट मोठी होती. तिच्यात हार्मोनियमच्या भात्याचा सुस्कारा होता. पाचव्या कडव्याच्या आधी कुणीतरी चिवचिवल्यासारखं काही होतं, जे दुकानात कापलं गेल्याने एमपीथ्रीत अजिबात नव्हतं.

दर शनिवारी ती गावी जायची, पप्पांच्या कानावर हेडफोन ठेवायची आणि विचारायची, "आता साफ वाटतं?"

"साफ हाय. पन ही न्हाई."

जोएल पुण्याहून फोनवर हसायचा. "ताई, पप्पांना मागून ट्रॅक्टर आला तरी कळत नाही आणि तू त्यांना फॉरमॅट विचारतेस? ते काय कंपनीचे इंजिनियर आहेत?"

एका शनिवारी तिचाही तोल गेला. "पप्पा, आवाज तोच आहे. तुम्ही विसरलात तिला."

पप्पांनी हेडफोन काढून घडी केल्यासारखा मांडीवर ठेवला. त्या दिवशी ते जेवले, पण बोलले नाहीत. पुढच्या शनिवारीही नाहीत.

तिसऱ्या शनिवारी ती पोचली तेव्हा ते हार्मोनियम पुढ्यात घेऊन बसले होते.

"लाव तुझं ते," ते म्हणाले. "मोठ्यानं लाव."

तिने स्पीकरवर लावलं. पप्पांनी मशीन लावलेला कान स्पीकरकडे केला, भाता हलवला आणि एकेक पट्टी दाबत गेले. पांढरी पाच दाबल्यावर सूर जुळला. त्यांनी बोट तिथेच ठेवलं.

"ही इथून गाती. मरिया पांढरी चारवरनं गायची. पाच तिच्या गळ्याला कधी चढलीच न्हाई."

"त्या दिवशी चढली असेल."

"आन पेटी? हीच पेटी हाय, त्या दिवशी मीच वाजवत हुतो. चारच धरली हुती. मग पेटी कशी चढली?"

प्रार्थनाने भजन थांबवलं. मग तिने विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कुठं? तू आपली सारखी, साफ हाय का, साफ हाय का."

तिने कॅसेटची डबी उघडली. आतल्या कागदावर पप्पांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: फेब्रुवारी २००४, सहा कडवी, लाईट नव्हती, सेलवर घेतलं. कितीदा तरी तिने हा कागद पाहिला होता. भारनियमनाचे दिवस, जुने सेल. सेल उतरले की टेपची मोटर मंदावते. मंद टेपवर घेतलेला आवाज पूर्ण वेगाने वाजला की चढतो आणि पळतो. ही गोष्ट ती दरवर्षी वर्गात सांगत असे. गेले वर्षभर ती एकाच चुकीच्या अधिकाधिक शुद्ध प्रती काढत होती.

"माझं चुकलं, पप्पा," ती म्हणाली. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, हे तिला कळलं नाही.

दुरुस्तीला आठवडा लागला. सेल उतरतच गेले होते, त्यामुळे प्रत्येक कडव्यातला पेटीचा सूर मोजून तिने वेग वेगळा लावला. काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तुकड्यातुकड्याने केलं. सलग ऐकायचं ते पप्पांबरोबरच, असं तिने ठरवलं होतं.

पहिली ओळ आली आणि पप्पा पुढे झुकले. आवाज जड होता, थोडा घोगरा, तळाशी पितळेसारखा.

"हीच," ते म्हणाले. "व्हय. हीच."

प्रार्थनाने डोळे पुसले. दुसऱ्या कडव्यात मात्र तिला श्वास ऐकू येऊ लागला. वेगात जी ठसक्यात तोडलेली ओळ वाटायची, ती आता अर्ध्यात थांबत होती. आई श्वास घेत होती आणि तो पुरत नव्हता. चौथ्यात ती दर तीन शब्दांनी थांबत होती. हृदयाची झडप खराब आहे हे नगरच्या दवाखान्यात जूनमध्ये कळलं आणि ऑगस्टमध्ये ती गेली. ही फेब्रुवारी होती.

पाचव्याच्या आधीची चिवचिव आता स्पष्ट झाली.

"बास करू का? दम लागतोय वं."

मग पप्पांचा, तरुण आवाज. "अजून दोनच. सेल संपतील, गा गा."

आणि आई गायली.

भजन पप्पांनीच रचलेलं होतं. सहाव्या, शेवटच्या कडव्यात रचणारा म्हणून त्यांचं नाव होतं. ते सुरू असतानाच त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि पेटीच्या झाकणावर ठेवलं. प्रार्थनाने स्पीकर बंद केला.

"रविवारी तिच्या स्मरणाच्या उपासनेला जोएलवाली लाव," ते अखेर म्हणाले.

"ती आई नाही, पप्पा."

त्यांना ऐकू येत नव्हतं, पण ओठ वाचून त्यांनी मान हलवली. "म्हाईत हाय."

रविवारी चर्चमध्ये तिने छोटीशी एमपीथ्री लावली. आई पांढरी पाचवर झरझर गायली, सहाही कडवी. उपासना सुटल्यावर गावातली कडूबाई पप्पांजवळ आली आणि त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली, "यशयाबाबा, काय गळा हुता मरियाबाईचा! दम म्हनून लागत नव्हता!"

पप्पांचं मशीन खिशात होतं. तरी ते म्हणाले, "व्हय."