स्वच्छ प्रत

रंगाचा कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने सगळे कागद उकिरड्यावर टाकले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यातून एक हजेरीवही उचलली आणि घरी आणली. तेव्हा तो अक्षरशत्रू होता, पण त्या वहीत आपल्या बायकोचा अंगठा आहे एवढं त्याला ठाऊक होतं. रंगाच्या वाफेने तिची छाती गेली, आणि साहेबांनी हात झटकले. आमच्याकडे बाया कधी कामाला नव्हत्याच, म्हणाले. बायको गेल्यावर पंचावन्नाव्या वर्षी पहारेकरी लिहायला-वाचायला शिकला, तो त्या वहीत तिचं नाव शोधायला.

पुढे वस्तीच्या वाचनालयात जुन्या कागदांचा संग्रह सुरू झाला. फेलोशिप मिळालेली एक मुलगी त्यासाठी घरोघर फिरायची. पायरीवर भेटली तेव्हा त्याने तिला वहीचं सांगितलं. तिचे डोळेच विस्फारले. ती वही संग्रहात आली की कारखान्याला काकूंचं नाव नाकारता येणार नाही, म्हणाली. "असेल तशी आणा, काका."

असेल ते चालेल, असं पाहुणेही म्हणतात. म्हणून कोणी त्यांना शिळं वाढतं का? वहीला वाळवी लागलेली, पानं तेलकट, कडा कुरतडलेल्या. सून आधीच म्हणत होती, "बाबा, या वाळवीला आता वाचनालयात नांदायला पाठवताय का?"

त्याने नवी वही आणली. पट्टीने समास आखले. आठ दिवस खाली मान घालून एकेचाळीस बायांची नावं उतरवली, तारखांसकट. जिथे निळा अंगठा होता तिथे 'अंगठा' असं लिहिलं. बायकोचं नाव चार वेळा गिरवून पाहिलं, मगच वहीत लिहिलं. वाळवी संग्रहाच्या कपाटात शिरू नये म्हणून जुनी वही स्वतःच्या हाताने कचरागाडीत टाकली.

वाचनालयात मुलीने नवी वही चाळली, मग त्याच्या पिशवीकडे पाहिलं.

"आणि जुनी, काका?"

त्याने सांगितलं. तिने हळू आवाजात समजावलं, की ठसे हाच पुरावा होता. नावं काय, कोणीही लिहील, असं कारखान्याचा वकील म्हणेल.

"मी बघून लिहिलंय, पोरी. एक काना इकडचा तिकडे नाही."

"मला माहीत आहे. पण ते दाखवायचं कशावरून?"

तिने वही परत केली नाही. नोंदीत लिहिलं: 'एका निवृत्त कामगाराने आठवणीवरून केलेली यादी.' आठवणीवरून नाही, असं तो दोनदा म्हणाला. तिने मान हलवली, पण तो शब्द तसाच ठेवला. छापील नोंदीत 'मूळ कागद' आणि 'आठवणीवरून' याखेरीज दुसरा रकाना नव्हता.

घरी सुनेने विचारलं, घेतली का वही.

"घेतली," तो म्हणाला. "अक्षर चांगलं आहे म्हणाली."