हळू फिरणारं चाक

दर बुद्धजयंतीला विहारासमोर लाकडी धम्मचक्र फिरायचं. पडद्यामागे बसून ते कांताबाई फिरवायची, इतकं हळू की पोरांना आरे मोजता यावेत. मधेच ती पाणी प्यायला थांबायची, चाकही थांबायचं आणि सारी वस्ती ओरडायची, "कांताबाई, चाक!"

यंदा कांताबाई नव्हती. तिचा नवरा धोंडबा रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं पंचांना सांगून टाकलं, "चाक फिरन. अन् तिच्याच चालीनं फिरन."

गाडीचा वायपर हलवणारी मोटार त्यानं चाकाला लावली. मोटारीला कमीजास्त वीज देणारी पेटीही केली. त्या पेटीत सारं काम एका मोठ्या ट्रान्झिस्टरचं. चाक गरगरा फिरवलं की तो ठीक, हळू फिरवलं की पाच मिनिटांत जळून जाई. असे दोन गेले. तिसरा शेवटचा. दुकानात आता एकही नव्हता आणि जयंती उद्यावर.

मेव्हणी शोभा हसायला लागली. "भाऊजी, जोरात पळवलं त जगते अन् हळू चालवलं त मरते? असा कसा गा हा?"

"हासू नको वं. याच्या कागदावर लिहून हाये, साठ वोल्ट, पंधरा अँपिअर. माही मोटार तीनच अँपिअर खाते. मंग काहून मरून राह्यला?"

"मोटारीले किती वोल्ट देता?"

"हळू फिरवाचं त पाच."

"अन् पेटीत येते किती?"

"चोवीस."

"मंग उरलेले एकोणीस कुठं जाते?"

धोंडबानं बोटांवर हिशेब केला. एकोणीस त्या ट्रान्झिस्टरच्याच डोक्यावर! गुणिले तीन, सत्तावन्न वॅट. चाक जितकं हळू तितकं त्याचं ओझं जड. त्यानं कागद पुन्हा काढला. एकशेपंधरा वॅट सोसतो, असं छापलं होतं. पण खाली बारीक अक्षरात अट होती, त्याचं अंग पंचवीस अंशांवर ठेवलं तरच. अंग तापलं की सोसणं कमी.

"पंचवीस!" धोंडबा ओरडला. "नागपुरात! मे महिन्यात!"

दोघं पोट धरून हसले. कांताबाई गेल्यापासून धोंडबा असा हसला नव्हता.

मग त्यानं पेटीला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची तार चोवीसवरून काढून बारा वोल्टच्या टोकाला लावली. आता ट्रान्झिस्टरवर सातच वोल्ट उरत होते, म्हणजे एकवीस वॅट. वीज बाहेर उतरू नये म्हणून मधे अभ्रकाचा तुकडा घालून त्यानं ट्रान्झिस्टर कांताबाईच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, परातीवर कसला. तेवढ्या मोठ्या परातीत उष्णता पसरून जाणार होती.

"परातीले भोक! ताईनं लाटण्यानं झोडपलं असतं तुमाले."

"झोडपू दे ना. ये म्हणा तिले."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाक फिरलं. हळू, आरा न् आरा दिसत. धोंडबा पडद्यामागे परातीवर हात ठेवून बसला. परात कोमट होती. अर्धा तास झाला, तरी कोमटच.

तेवढ्यात वीज गेली. चाक थांबलं. आणि सवयीनं सारी वस्ती ओरडली, "कांताबाई, चाक!"

मग सगळे एकदम गप्प झाले.

वीज आली. धोंडबाचा हात परातीवरच होता. थांबलेली मोटार उठताना जास्तच वीज ओढते. हाताखाली परात चटकन तापली. त्यानं हात काढला नाही. चाक जरासं हललं, अडलं, आणि फिरायला लागलं, हळू, तिच्या चालीनं.

"पाणी पिऊन आली!" धोंडबा पडद्यामागून ओरडला. "पाणी पिऊन आली गा!"

आणि सारी वस्ती हसली.