दिव्याच्या तेलाचे माप

मी एक जुने पितळी माप आहे. तेल मोजणे हे माझे काम. मित्रांनो, आत्मकथा जन्मापासून सांगतात, पण मला वासापासून सुरुवात करावी लागते. खवट, चिकट, शिळ्या तळणाचा वास. तो माझ्या तळाशी इतका मुरला आहे, की माझी मलाच किळस येते.

बरे, जन्मही सांगते.

तिरुनेलवेलीकडच्या आमच्या गावात, अम्मन देवीच्या देवळासमोर सुडलैमुत्तूंचा तेलघाणा होता. त्यांनी मला कासाराकडून घडवून आणले. ते घाण्यात तीळ टाकत, वर ताडगुळाचा खडा टाकत. कोमट, गोडसर धार पडे. माझ्या काठावर राहिलेला थेंब बायका बोटाने पुसून चाटत आणि माझे कौतुक करत. तेव्हा पोटाचे तेल आणि देवाचे तेल वेगळे नव्हते.

सुडलैमुत्तू गेले. मुलगा पोन्नुचामी दुकानावर बसला आणि दुकानात दोन पिंपे आली. एक खाण्याच्या तेलाचे. दुसरे...

थांबा. आधी नाक धरा.

दुसऱ्यात हॉटेलांच्या कढयांतले उरलेले काळे तेल, गाळ, पिवळा रंग आणि वरून चमेलीचा वास. झाकणावर लिहिलेले: ‘दिव्यासाठी. खाऊ नये.’ कधी झुरळ तरंगे. पोन्नुचामी ते दोन बोटांनी काढून फेकी, बोटे धोतराला पुशी आणि त्याच हातांनी देवीला नमस्कार करी. नवसाला बायका एकवीस-एकवीस दिवे लावत, त्यांना स्वस्तच हवे असे. दिव्याला कुठे जीभ असते, असे तो म्हणे आणि गिऱ्हाइके हसत. मी त्याच पिंपात बुडत असे. मापाला कोण विचारतो?

एकदा त्याची मुलगी वल्ली तापातून उठली, म्हणून आजीने, चेल्लम्माळने, देवीला पीठदिवा केला. तांदळाचे पीठ गुळात मळून दिवा घडवायचा, खळग्यात तेल घालून वात लावायची आणि वात विझली की तो दिवाच प्रसाद म्हणून सगळ्यांनी खायचा. चेल्लम्माळने दिव्याला लागते म्हणून दिव्याच्या पिंपातले तेल घेतले. मलाच बुडवून.

पोन्नुचामीने घास तोंडाशी नेला आणि तो थबकला.

“आई, तेल कुठल्या पिंपातलं?”

“दिव्याला दिव्याचंच ना रे.”

त्याने ताट ढकलले, वल्लीच्या तोंडात बोट घातले आणि घास ओढून बाहेर काढला. पोर रडायला लागली.

त्याची बायको इसक्की हे बघत होती. “देवीच्या आडी महिन्यात गावातली प्रत्येक बाई पीठदिवा करते,” ती म्हणाली. “आपल्याकडूनच तेल नेते आणि पोरांना खाऊ घालते. त्यांच्या तोंडात बोट घालायला कोण जातं हो?”

पोन्नुचामी चूळ भरत राहिला.

सकाळी इसक्कीने सांगितले, दुसरे पिंप बंद. आडी महिना तोंडावर आला होता आणि वर्षभराची चूल त्या महिन्यातल्या दिव्यांवर चाले. पोन्नुचामी भडकला. एकवीस दिवे लावणारी बाई खाण्याचे तेल घेईल का? ती सरळ समोरच्या दुकानात जाईल.

“मग तिला सांगू, एकच लाव.”

“गिऱ्हाइकाला कमी घे म्हणणारी दुकानदारीण तूच पहिली.”

चेल्लम्माळने कपाळावर हात मारला. बोललेले दिवे कमी केले तर देवी घर धुऊन नेईल, म्हणाली.

“आत्या,” इसक्की सासूला म्हणाली, “देवीला दिवे मोजता येत असतील, तर वासही येत असेल.”

पोन्नुचामीने मग तडजोड काढली: बंद कर, पण फेकू नको, समोरचा दुकानदार निम्म्या भावात न्यायला तयार आहे. इसक्की आत गेली, चुलीतली राख माझ्यात काठोकाठ भरली आणि पिंपात ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. आत काळा चिखल होईपर्यंत. तेलाच्या मापाने राख मोजावी यात काय अभिमान, असे तुम्ही म्हणाल. मला होता.

आडीतला पहिला शुक्रवार. गर्दी समोर, आमच्याकडे माश्या. जाणारे-येणारे टोमणे मारत होते: “काय गं इसक्की, दिवे कमी करायचा पगार देवी देते वाटतं?” पोन्नुचामी पाठ फिरवून बसला होता.

दुपारी शेंगा विकणारी माडत्ती आली. मुलाच्या नोकरीसाठी तिने एकवीस दिवे बोलले होते. इसक्कीने तिला सगळे सांगितले, पिंपात काय होते तेही. माडत्तीने तोंडाला पदर लावला. मग रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे एकदा पाहिले.

“एका दिव्यानं ऐकेल का गं ती?”

“मला माहीत नाही,” इसक्की म्हणाली.

माडत्तीने एका दिव्यापुरत्या तेलासाठी बाटली पुढे केली. त्या दिवशी तेवढेच विकले गेले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा किंवा भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण देवापुढे ठेवाल किंवा दुसऱ्याला विकाल, ते आधी घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या ताटात वाढायला तुमचा हात धजतो का, तेवढे बघा.