बाबांचा तक्ता

तक्त्याचं प्लास्टिकचं आवरण एका कोपऱ्यात सुटलं होतं — बाबांचा अंगठा टेकायचा नेमकं तिथेच — आणि आत शिरलेल्या ओलीने निळा रंग फुगला होता. तक्ता स्कॅनरच्या काचेवर ठेवायचा की परत खणात, हे न ठरवताच ती त्यावरून बोट फिरवत राहिली. सकाळपासून पोर्टफोलिओची सहा पानं लावून झाली होती. कधीच न निघालेल्या साबणाचं वेष्टन, न भरलेल्या प्रदर्शनाचं पोस्टर, कुठेच नसलेल्या बेकरीचं बोधचिन्ह... सगळं नीटनेटकं, आणि सगळं डिझाइनच्या वर्गातल्या इतर वीस जणांसारखं. छत्तिसाव्या वर्षी पहिली नोकरी मागायची आणि दाखवायचं काय, तर जगात नसलेल्या गिऱ्हाइकांची कामं! "कुणीतरी खरंच वापरलेलं एक तरी काम ठेवा," मास्तर म्हणाले होते. मुलाखत उद्या होती.

आणि वापरलेलं म्हणावं असं हे एकच.

मागच्या वर्षी बाबांची वाचा गेली तेव्हा... जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बोलायला जावं तर नुसता आवाज निघायचा, आणि त्या आवाजाची लाज वाटून ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. मग तिने बारा चौकोन आखले, त्यांत चित्रं काढली — पाणी, उशी, खिडकी, दुखतंय — बोट ठेवलं की झालं. बाबांनी तक्ता तीनदा परत केला. उशी त्यांना पावासारखी दिसली. दुखण्याचा रडका चेहरा त्यांनी पेनाने खोडूनच टाकला. मग तिने नुसतं शरीर काढलं, जिथे दुखतंय तिथे बोट ठेवायला. शेवटचा चौकोन रिकामा होता, आणि आत्याची बडबड सुरू झाली की बाबा नेमके त्यावर टकटक करायचे. दोन दिवसांनी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना 'गप्प बसा' हवं होतं! किती महिन्यांनी हसलं होतं घर... आत्यासुद्धा.

पण हे परक्यांपुढे मांडायचं? बापाचं आजारपण दाखवून नोकरी... ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. बाबा वर्तमानपत्र घेऊन बसले होते. आता शब्द येत होते, पण एकेक, जपून.

"बाबा, हा माझ्या कामांत लावू? तुमचं नाव कुठेच येणार नाही."

त्यांनी तक्ता लांब धरला, जवळ धरला. नको म्हणतील — आणि म्हणोत, म्हणजे सुटलेच मी.

"खोडलेला... आहे?"

"तो पहिला कागद? आहे ना."

"तो... आधी लाव." मग दम घेऊन, "तुझं... चुकलं होतं."

"हो, चुकलं होतं!" ती हसली.

"मग... जमलं."

एवढं बोलून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

दोन्ही कागद स्कॅन करून तिने खाली ओळ लिहिली : 'रुग्णासाठी संवाद-तक्ता.' रुग्ण हा शब्द नजरेला टोचला. तो खोडून तिने लिहिलं, 'एका हट्टी गिऱ्हाइकासाठी.' असं चालतं का मुलाखतीत? कोण जाणे. पान पहिलं ठेवून पाहिलं, मग शेवटी नेलं, मग पुन्हा मधे... ठरेना, आणि न ठरण्याचा त्रासही होईना. उद्याचा तो अनोळखी माणूस भराभर पानं उलटत जाईल, आणि इथे अडखळेल — अडखळू दे. हे असं का केलंत, म्हणून विचारू दे. या प्रश्नाची आठवडाभर धास्ती होती, आणि आता... विचार ना, भल्या माणसा. मला सांगायचंय.