बहिणीचा रकाना

लिफ्ट मधेच अडकली की आतल्या माणसांना धीर द्यायला तो बाहेरून ओरडायचा, "सबुरी! आलोच मी." बावीस वर्षं हेच ओरडून त्याचं नावच सबुरी पडलं. वय त्रेचाळीस, खांदे जरा उतरलेले, नखांच्या कडेला कधीच न जाणारं काळं ग्रीस. परदेशातल्या एका लिफ्ट कंपनीनं त्याची मुलाखत घेतली, ब्रेक कसा बसवतोस ते व्हिडिओवर करून दाखवायला सांगितलं आणि नोकरीचं पत्र धाडलं. व्हिसाची हमीही कंपनीच घेणार होती. पत्र आलं तेव्हा त्याला वाटलं, झालं एकदाचं काम. खरं तर काम तिथून सुरू झालं.

बावीस वर्षांत त्याचे तीन मालक झाले होते. तिघांकडून अनुभवाची पत्रं हवी होती. पहिला मालक वारला होता. त्याच्या मुलानं पत्र दिलं, पण त्यात 'मेकॅनिक'च्या जागी 'मदतनीस' लिहिलं. दुसऱ्यानं आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर खाल्लं. ती दुरुस्ती होईपर्यंत पोलिसांच्या दाखल्याची मुदत संपली, आणि नवा दाखला येईपर्यंत इंग्रजीच्या परीक्षेची. एक कागद पिकला की दुसरा सडायचा.

"तुमची फाइल पोटुशी आहे," सल्लागार म्हणायचा. "बाळंत कधी होईल ते मात्र विचारू नका." हा सल्लागार एका चपलांच्या दुकानावरच्या खोलीत बसायचा. माणूस सरळ होता. पण रोज तीच उत्तरं देऊन त्याचा आवाज सपाट झाला होता.

घरात तिघं जण. सबुरी, गणवेश शिवायच्या कारखान्यात कापड बेतणारी त्याची बायको, आणि अक्का. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती सतराची होती आणि तो सहाचा. बाप त्याआधीच कुठेसा निघून गेला होता. अक्का इस्पितळाच्या धुलाईघरात लागली ती आजतागायत तिथेच. उकळत्या पाण्यातून निघालेल्या चादरी पिळायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. तिला दोन स्थळं आली होती. दोघांनाही तिनं आधीच सांगितलं, भाऊ माझ्याबरोबर येईल. दोन्ही स्थळं चहा पिऊन उठून गेली.

मुदत संपलेली इंग्रजीची परीक्षा पुन्हा देताना सबुरी लेखनात दोनदा अर्ध्या गुणानं आपटला होता. तिसऱ्या खेपेला अक्कानं त्याला धरून बसवलं. कामावरून आली की सुजलेले पाय स्टुलावर ठेवून ती त्याच्या मोबाइलवरचे धडे ऐकायची आणि शब्द विचारायची. शिकता शिकता तीच जास्त शिकली. "गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ती अशी," ती म्हणायची, "पण इथे गीता वाचणारीच शहाणी झाली बघ." तो पास झाला, नेमका लागेल तेवढ्याच गुणांनी.

अक्का येणार हे घरात कुणी ठरवलं नव्हतं. ठरवायचं काय त्यात? मीठ घरात असायचंच, तशी अक्का.

व्हिसाचा मुख्य अर्ज भरायला सल्लागारानं त्याला बोलावलं तेव्हा सबुरीनं तिघांचे तपशील लिहून नेले होते. सल्लागारानं कागद पाहिला आणि तिसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"या कोण?"

"बहीण. तिनंच वाढवलंय मला."

"अहो, पण बहीण नाही बसत यात. बायको चालते, मुलं चालतात. बहीण म्हणजे त्यांच्या लेखी पाहुणी."

"ती आमच्यावरच अवलंबून आहे म्हणून दाखवलं तर?"

"पगार घेतात ना? कमावती बाई अवलंबून कशी होईल? आणि नसत्या कमावत्या तरी रकानाच नाही, साहेब. मी कुठून आणू?"

सबुरी घरी आला आणि जेवताना म्हणाला, "अर्ज गेला." एवढंच. नंतर गॅलरीत कपडे वाळत घालताना बायकोला खरं सांगितलं. तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"अक्कांना सांगायला हवं."

"सांगतो. जरा वेळ बघून."

वेळ काही दिसली नाही. एके दिवशी अक्काचा पाय मुरगळलेला, एके दिवशी ती खुशीत, म्हणून नको. बायको सुरुवातीला रोज आठवण करायची. मग तीही दमली. दरम्यान अक्कानं रजा टाकली, एकटीनं रांगेत उभी राहिली आणि आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढून आणला. फोटोत तिनं ओठ असे मिटले होते, जणू कुणी तिच्याकडून कबुलीजबाब घेत होतं.

"चोरासारखी दिसते ना रे?" तिनं विचारलं.

"छान आलाय," सबुरी म्हणाला आणि उठून नळ बंद आहे का ते बघायला गेला. नळ बंदच होता.

पाच महिने असे गेले. मग वैद्यकीय तपासणीची तारीख आली. नवरा-बायकोनं गुपचूप जायचं ठरवलं होतं, पण तारखेचं पत्र अक्काच्याच हाती पडलं. पाकीट न फोडता तिनं भावाला दिलं आणि विचारलं, "तपासणीचं ना? किती वाजता निघायचं?" सबुरीच्या तोंडून निघालं, "साडेसातला."

तपासणी केंद्रात ओळीनं खुर्च्या होत्या, भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता आणि काचेपलीकडे एक कारकून. तो यादीवर खुणा करत होता. त्यानं सबुरीचं नाव पुकारलं, मग बायकोचं. अक्का पासपोर्ट काढून काचेपाशी गेली. "माझं राहिलं," ती म्हणाली.

कारकुनानं यादी वर खाली पाहिली. "तुमचं नाव नाही, मावशी."

"नीट बघा."

त्यानं यादीच तिच्याकडे वळवली. ती इंग्रजीत होती. अक्कानं प्रत्येक ओळीवर बोट फिरवत ती सगळी वाचली. शेवटी पासपोर्ट पिशवीत टाकला, मागे वळली आणि भावाच्या तोंडाकडे पाहिलं. मग काही विचारायचं उरलं नाही.

"जा तुम्ही आत," ती म्हणाली. "घड्याळं, अंगठ्या काय काढायचं ते द्या इकडे." दोन तास ती त्यांच्या वस्तू मांडीवर घेऊन बसून राहिली. आत एक्स-रेच्या थंड प्लेटला छाती टेकून सबुरी उभा होता. "श्वास घ्या, रोखून धरा," असं तंत्रज्ञ म्हणाला, तर त्याला तो रोखता येईना. तीन वेळा फोटो काढावा लागला.

परतताना बसमध्ये अक्का खिडकीपाशी बसली.

"कधीपासून माहीत होतं?"

"अर्ज भरला तेव्हापासून."

"पाच महिने," ती म्हणाली. "मी धुलाईघरात सगळ्यांना सांगत सुटले होते. माझ्या जागी कोण लागणार, इथवर बोलणं गेलं होतं. हसं झालं रे माझं."

"अक्का, मला वाटलं काहीतरी मार्ग..."

"नाही येता येत, ते समजलं मला. तो काही तुझा गुन्हा नाही. पण तू मला रोज बघत होतास." तिचा आवाज चढला नाही. त्यामुळेच सबुरीला बसमधून उतरून जावंसं वाटलं.

पुढचे आठ दिवस ती कामापुरतं बोलली. बायकोनं एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, माझंही चुकलं." अक्का म्हणाली, "तुझं निम्मं. त्याचं पूर्ण. म्हणजे दीड चूक झाली घरात." दोघी हसल्या नाहीत, पण त्यानंतर दोघींचं बोलणं पूर्ववत झालं. सबुरीशी मात्र नाही.

नवव्या दिवशी तो सल्लागाराकडे गेला. "अर्ज मागे घ्यायचा आहे," म्हणाला. खरं तर असं म्हणताना त्याला हलकंच वाटलं. आता कागद नकोत, तारखा नकोत, परक्या भाषेत चुका करणं नको.

सल्लागारानं चष्मा पुसला. "तुमची बहीण येऊन गेली काल."

"इथे?"

"हो. म्हणाल्या, अर्ज दाखवा, माझ्या डोळ्यांनी बघायचाय. पानन् पान वाचला. चौदाव्या पानावर भावंडांचा रकाना आहे, मायदेशी मागे राहणाऱ्या नातेवाइकांचा. तिथे त्यांच्या जन्मतारखेत माझ्याकडून चूक झाली होती. त्यांनी ती दाखवली, दुरुस्त करून घेतली आणि गेल्या. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. पण आता तुम्ही हे असं म्हणताय म्हणून."

सबुरी घरी आला. अक्का भाजी निवडत होती. तो समोर बसला.

"मी नाही जात."

"का?"

"तुला एकटीला टाकून कसा जाऊ?"

अक्कानं सुरी खाली ठेवली. "हे बघ, मी तुझ्यासाठी लग्न नाही केलं, असं तुला वाटतं. मलाही बरीच वर्षं वाटायचं. त्या दोन स्थळांतला एक जण तर मला आवडलाच नव्हता, आणि दुसऱ्याच्या घरी नऊ माणसं होती. भावाचं निमित्त बरं होतं. निमित्त कसं असतं ते मला ओळखता येतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तू घाबरलायस. त्रेचाळिसाव्या वर्षी नव्यानं उमेदवारी करायची, तर कोण नाही घाबरणार? घाबरून राहा हवं तर. पण तुझी भीती माझ्या नावावर खपवू नकोस. उद्या म्हातारपणी तूच मला ऐकवशील, तुझ्यापायी राहिलो म्हणून."

"मी असं कधी..."

"ऐकवणार नाहीस. नुसता तोंड पाडून बसशील. ते जास्त वाईट."

तिनं सुरी उचलली. "मला राग आहे अजून," ती म्हणाली. "तो जाईल तेव्हा जाईल. त्याचा आणि अर्जाचा संबंध लावू नकोस."

अर्ज तसाच राहिला. त्यानंतरही सात महिने गेले. मध्ये कंपनीनं दोनदा विचारलं, कधी येताय? सबुरीनं दोनदा तेच उत्तर धाडलं, वाट बघतोय. वाट बघताना तो आणखी बारीक झाला. शेवटी व्हिसा आला तो सकाळी अकराला. तेव्हा तो एका सात मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून दोर तपासत होता. फोनवरचं पत्र त्यानं दोनदा वाचलं. उडी मारावी, कुणाला हाक मारावी असं काहीच वाटलं नाही. वाटलं एवढंच, की आता जरा निजायला मिळेल तर बरं. त्यानं फोन खिशात घातला आणि उरलेले चार बोल्ट आवळले.

जायच्या दिवशी अक्का नेहमीप्रमाणे सहाला कामावर निघाली. पाळी बदलून मिळाली असती, तिनं मागितली नाही. दारात बायको तिच्या पाया पडली, तशी अक्कानं तिला पोटाशी धरलं. सबुरी वाकला तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा जास्त वेळ.

"तिथे तरी खरं बोलायला शीक वेळेवर," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

नव्या गावात त्याला बावीस वर्षांच्या अनुभवानंतरही तीन महिने दुसऱ्याच्या हाताखाली काम करावं लागलं. वरिष्ठ त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान, पण सभ्य होता. बायकोला कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम लागलं. रविवारी दुपारी ते अक्काला फोन करायचे. अक्कानं आतली खोली धुलाईघरातल्या एका मैत्रिणीला दिली होती आणि आता तिच्या घोरण्याबद्दल तक्रार करायची.

"पाय कसे आहेत?" एका रविवारी त्यानं विचारलं.

"सुजतात."

"मग रजा घे ना."

"घेईन," अक्का म्हणाली. घेणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. "आणि तुझं? खरं सांग."

"दमतो गं. आणि त्यांचं बोलणं निम्मं कळत नाही. मान डोलावतो."

"डोलावू नकोस. परत विचार."

"बरं."

बायकोनं फोन घेतला आणि खिडकीपाशी गेली. मैत्रिणीनं अक्काचं पातेलं जाळलं होतं, त्यावर दोघींचं बोलणं लांबत गेलं. सबुरी पलंगावर आडवा झाला आणि ते ऐकता ऐकता, बूट न काढताच, त्याचा डोळा लागला.