तळ्याकाठचा डावखुरा फोटोग्राफर

मित्रांनो, मी एक जुने छापचित्र आहे. पण माझी डावी बाजू कोणती आणि उजवी कोणती, हे मला आजही नीट सांगता येत नाही. हसू नका. माझी हकीकत ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म बुलावायो शहरात, एनॉक नावाच्या चित्रकाराच्या स्वयंपाकघरात झाला. शहराच्या उद्यानाच्या फाटकाशी बसून त्याने समोर दिसले ते कागदावर रेखाटले आणि घरी येऊन जसेच्या तसे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरले. त्या तुकड्यावर रुळाने काळी शाई फिरवली, वर पातळ कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने घासला. तो कागद म्हणजे मी. असे चाळीस कागद छापून झाल्यावर त्याने तुकड्यावर खिळ्याने रेघा ओढल्या, म्हणजे आमच्यात आणखी भावंड येऊ नये. माझ्या तळाशी पेन्सिलीने सही करून त्याने १/४० असे लिहिले. मला वाटले, मी उद्यानाचा चाळिसावा भाग आहे आणि उरलेले उद्यान दुसऱ्या कुणाकडे असेल.

पण माझ्यात तर सगळेच होते. मधे तळे, उजवीकडे कारंजे, डावीकडे अंजिराचे प्रचंड झाड आणि झाडाखाली एका बाईला फोटो देणारा झेंझो. झेंझो उद्यानात लोकांचे फोटो काढायचा. तो एनॉकचा जिवलग मित्र.

पहिला छाप उचलताच एनॉकने कपाळावर हात मारून घेतला.

"झेंझो, अरे, काय करून ठेवलं मी तुझं!"

"असू दे," झेंझो हसत म्हणाला. "झाड तर ओळखू येतंय."

दोघे का हसत होते, मला कळले नाही. झेंझोने मला हौसेने घरी नेले. त्याच्या बायकोने, मामोयोने, मला एकदाच पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"डाव्या हातानं देताय? लोक म्हणतील, याला घरी वळण लावलं नाही!"

"एनॉकला विचार," एवढेच म्हणून झेंझो हसला. मामोयोने मला दाराच्या मागे टांगले. दार उघडले की मी अंधारात जाई. माझा गुन्हा काय, ते मला कुणी सांगितले नाही.

मग एका दुपारी झेंझो उद्यानातच कोसळला आणि गेला. मामोयो पोहोचेपर्यंत त्याला तिथून हलवले होते. "त्याच्या नेहमीच्या झाडाखाली गेला," एनॉक रडत म्हणाला. "चित्रातल्याच."

आमच्याकडे माणसाचा आत्मा शेवटचा श्वास सुटतो तिथेच थांबतो. घरच्याने काटेरी झाडाची फांदी घेऊन जायचे, नावाने हाक मारायची आणि त्या फांदीवरून त्याला घरी आणायचे. पण तेव्हा दिवस वाईट होते. मामोयो मुलांना घेऊन पोटासाठी जोहान्सबर्गला गेली आणि मीही पेटीत तळाशी गेलो. काचेला तडा गेला, कडेला कसर लागली.

आम्ही परतलो तेव्हा एनॉक हयात नव्हता आणि मामोयोला सारखी धाप लागत होती. "मी जायच्या आधी ते घरी आले पाहिजेत," ती म्हणाली. झाड कुठले, हे सांगणारा आता मीच उरलो होतो.

म्हणून एका सकाळी मला उद्यानात नेले. झेंझोचा धाकटा भाऊ थेंबेलानी याच्या हातात फांदी होती, नात लुंगिलेच्या हातात मी. फाटकातून मी माझे उद्यान प्रथमच पाहिले आणि गोंधळून गेलो. तळे तेच होते. बाकी काहीच जागेवर नव्हते!

"चित्रात झाड डावीकडे आहे. चला, वहिनी," थेंबेलानी म्हणाला.

"डावीकडे तर कारंजं आहे."

"सरकवलं असेल."

"कारंजं म्हणजे काय खुर्ची आहे, सरकवायला?"

"त्याच्या मागे झाडं आहेत की! त्यातलंच एखादं असेल."

"एखादं?" मामोयो कडाडली. "चुकीच्या झाडाखाली हाक मारलीस तर कोण येईल? माळी? रिकामी फांदी घेऊन मी घरी जाणार नाही. आण ते चित्र इकडे. हातसुद्धा धड काढता आला नाही मेल्या एनॉकला!"

तिने हिसका दिला तशी चौकट उघडली आणि मी गवतात पडलो. लुंगिलेने मला हलकेच कडेला धरून उचलले, पण पाठमोरे. समोर सूर्य होता. माझ्या पातळ अंगातून प्रकाश आरपार गेला.

"गोगो," ती आजीला हळूच म्हणाली, "आजोबा उजव्या हातानं देतायत."

मामोयो जवळ आली. पाठीकडून पाहिले तर कारंजे डावीकडे होते आणि अंजीर उजवीकडे. लुंगिलेने मला जरा खाली केले. समोर, तळ्याच्या उजव्या काठावर, तेच झाड उभे होते.

"छापताना सगळं उलटं उमटतं," लुंगिले म्हणाली. "कोरताना उलटवायला हवं होतं. ते विसरले."

मामोयो बराच वेळ त्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. "आणि मी यांना दारामागे ठेवलं," ती पुटपुटली.

झाडाखाली थेंबेलानीने फांदी टेकवली. "झेंझो, दादा, आम्ही आलोय. चल घरी."

"उशीर झाला म्हणावं," मामोयो डोळे पुसत म्हणाली. "आणि चूक एनॉकची होती म्हणून सांग."

परतताना फांदी नेणाऱ्याने दुसऱ्या कुणाशी बोलायचे नसते. मिनीबसमध्ये थेंबेलानी गप्प बसला. त्याच्या शेजारची खिडकीची जागा रिकामी ठेवली होती. एक गृहस्थ घाईने चढले.

"इथं कुणी बसलंय का?"

"हो," मामोयो म्हणाली. "माझे यजमान."

गृहस्थांनी फांदीकडे पाहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि घरापर्यंतचा सगळा रस्ता उभ्याने काढला.

मित्रांनो, आता मी बैठकीच्या भिंतीवर असतो, उन्हापासून दूर. कुणी डाव्या हाताबद्दल बोललेच, तर मामोयो म्हणते, "मागून बघा." माझा गोंधळ मात्र मिटलेला नाही. समोरून माझे उद्यान उलटे आणि मागून एनॉकची सही उलटी. म्हणून एवढेच मागतो: आम्हा कागदांना स्वच्छ हातांनी कडेला धरा, ओल आणि कसर लागू देऊ नका. आणि कुणाला चुकीचे ठरवून दारामागे टांगण्याआधी, त्याला एकदा उजेडात धरून पाहा.